आजी हजेरीपटावर नव्हती : प्रौढ शिक्षणाच्या सरकारी कारभाराची गोष्ट

आमच्या घरी एका लोखंडी पेटीत शेतीचे जुने कागद आहेत. त्यातल्या एका कागदाच्या तळाशी जांभळ्या शाईचा अंगठा उमटवलेला आहे आणि त्याच्या बाजूला कुणीतरी वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘नि. डा. हा. अं.’ लहानपणी मला ते एखाद्या सायबाचं नाव वाटायचं. पुढे कळलं : निशाणी डाव्या हाताचा अंगठा. हा अंगठा माझ्या आजीचा. वर काय लिहिलंय ते तिला कुणीतरी वाचून दाखवलं असणार, आणि तिनं त्या माणसावर भरवसा ठेवला असणार. दुसरा इलाज नव्हता.

प्रौढ शिक्षण हा विषय समजून घ्यायचा तर मी म्हणेन की असा एखादा कागद समोर घेऊन बसावं. योजनांची नावं पाठ करून काही हाती लागत नाही, कारण ती दर दहा-बारा वर्षांनी बदलतात. समाज शिक्षण, ग्राम शिक्षण मोहीम, राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, साक्षरता मिशन, साक्षर भारत, आता उल्लास. पुण्यातल्या राज्य संचालनालयाच्या पाटीवर आधी ‘प्रौढ शिक्षण’ होतं, मग ‘अल्पसंख्याक व प्रौढ शिक्षण’ झालं, आता नुसतं ‘योजना’ आहे. कागद मात्र कमी झाले नाहीत. सावकाराचा कागद, कापसाची पावती, रोजगार हमीचं मस्टर, बचत गटाचं रजिस्टर. माणसाला कोणता कागद वाचायची गरज पडली आणि सरकारनं त्याला काय शिकवायला घेतलं, या दोन गोष्टी जुळल्या का, एवढंच मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावावरून बघणार आहे. माझ्या आईनं १९७९ साली गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग चालवला. मी जिल्हा परिषदेचा मास्तर, त्यामुळे पंचेचाळीस वर्षांनी उल्लासची यादी हातात घेऊन त्याच गल्ल्या फिरलो.

वर्धा जवळ, मुंबई लांब

मोठ्या माणसांना शिकवायचा विचार सरकारनं काढलेला नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात आपल्या घरीच शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली होती. सरकार या कामात ठळकपणे उतरलं ते १९३७ नंतर, प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं आल्यावर. १९३९ मध्ये मुंबई शहरात साक्षरतेची मोहीम निघाली, त्यासाठी प्रौढ शिक्षण समिती नेमली गेली. त्याच सुमारास दिल्लीत भारतीय प्रौढ शिक्षण संघ ही बिगरसरकारी संस्था उभी राहिली.

पण आपल्याकडचं कुणी हे वाचून ‘म्हणजे आपल्या पणजोबांनाही शिकवलं असेल’ असं समजू नये. तेव्हा वऱ्हाड आणि नागपूरकडचा भाग मुंबई इलाख्यात नव्हता, मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होता. मुंबईचा हुकूम इथं चालत नसे. इथल्या सरकारचा भर होता मुलांसाठीच्या विद्यामंदिर योजनेवर.

गंमत अशी की विचार मात्र आमच्याच अंगणात शिजत होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायच्या पद्धतीची, मांडणी झाली. त्याच वर्षी गांधीजींनी लिहिलं होतं की अक्षरओळख हा शिक्षणाचा शेवट नाही आणि सुरुवातही नाही. पुढे १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीम लहान मुलांपुरती न ठेवता जन्मभराची करायची ठरली आणि प्रौढांचं शिक्षण हा तिचा एक टप्पा मानला गेला. अक्षरांना इतकं खालचं स्थान देणं मला पूर्ण पटत नाही. ज्याला लिहिता-वाचता येतं त्याला अक्षरांचं अप्रूप नसतं, हे त्यातलं एक कारण असावं. पण आधी काम, मग त्या कामाला लागणारी अक्षरं, हा क्रम पुढे सगळ्यांना हळूहळू मान्य करावा लागला.

आणखी एक गोष्ट सरकारी कागदपत्रांत सापडत नाही. त्या काळी वऱ्हाडात मोठ्या माणसांना शिकवणारी खरी संस्था म्हणजे रात्रीचं कीर्तन आणि खंजिरीवरचं भजन. गाडगेबाबा स्वतः शिकलेले नव्हते. समोरच्या हजारोंच्या गर्दीला ते प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. मोझरीचे तुकडोजी महाराज गावची सफाई, व्यसन, सामुदायिक प्रार्थना हे सगळं भजनातून सांगत. यात हजेरीपट नव्हता, म्हणून आकडेही नाहीत.

स्वातंत्र्यानंतर पहिलं नामांतर झालं. मौलाना आझादांनी ‘प्रौढ शिक्षण’ऐवजी ‘समाज शिक्षण’ हा शब्द पुढे केला. अक्षरांबरोबर आरोग्य, मतदान, नागरिकाचे हक्क आणि कर्तव्यं असं सगळं शिकवायचं, हा त्यामागचा हेतू. मध्यप्रांतात १९४८ पासून समाज शिक्षणाचे वर्ग सुरू झाले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि इथला शिक्षण कारभार पहिल्यांदा पुण्या-मुंबईकडून चालू लागला.

तिकडे १९५९ मध्ये साताऱ्यात ग्राम शिक्षण मोहीम निघाली. कल्पना साधी होती. वर्ग काढून बसायचं नाही, अख्खं गाव एकदम हाती घ्यायचं. मास्तर, शिकलेली पोरं, पंचायत अशा सगळ्यांनी काही महिन्यांत गाव साक्षर करायचं, आणि झालं की गुढ्या-तोरणं लावून ‘ग्रामगौरव समारंभ’ करायचा. १९६३ पर्यंत ही मोहीम राज्यभर पसरली. नुकत्याच, १९६२ मध्ये, जिल्हा परिषदा झाल्या होत्या, त्यामुळे राबवायला हातही मिळाले. समारंभ पुष्कळ झाले. त्यानंतर वाचायला काय द्यायचं, हे मात्र फारसं कुणी ठरवलं नव्हतं. शिकलेली अक्षरं वर्ष-दोन वर्षांत पुसली जाऊ लागली. आमच्याकडे म्हणतात तसं, पेरलं पण राखण केली नाही.

पन्नास रुपये आणि एक कंदील

आता १९७८ कडे येतो, कारण इथून गोष्ट आमच्या घरात शिरते.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी केंद्रात जनता सरकार असताना राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. लक्ष्य होतं १५ ते ३५ वयाच्या दहा कोटी निरक्षरांचं. त्याची रचना समजायला सोपी आहे. एका केंद्रात साधारण तीस शिकणारे, दहा महिन्यांचा वर्ग. तीस केंद्रांवर एक पर्यवेक्षक. साधारण तीनशे केंद्रांचा मिळून एक प्रकल्प. शिकवणाऱ्याला महिन्याला पन्नास रुपये मानधन. उद्दिष्टं तीन : साक्षरता, रोजच्या कामातलं कौशल्य आणि जाणीवजागृती. हे तिसरं त्या काळात नवीन होतं. आपण गरीब का, मजुरी किती मिळायला हवी, सावकाराचं व्याज कसं लागतं, यावर वर्गात बोलायचं होतं. म्हणजे सरकारच्या पैशानं सरकारलाच प्रश्न विचारायला शिकवायचं. ते किती दिवस टिकणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आई तेव्हा पंचवीसची, आठवी शिकलेली. वर्ग आमच्याच ओसरीत भरायचा. एक कंदील, मातीचं तेल, पाट्या, एक फळा आणि हजेरीपट. वर्गात बाया आल्या त्या शेजारच्या, म्हणजे आईच्या जावा, नणंदा लागणाऱ्या. आजीही येऊन बसायची. सून शिकवणार आणि सासू शिकणार, याची गावात बरीच चर्चा झाली म्हणतात. पहिल्या दिवशी आजी पाटी हातात घेईना. ‘मले काय कलेक्टर व्हाचं हाय का?’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

तिला कारण होतं. आजोबा गेल्यावर शेत तिच्या नावावर चढलं होतं. राज्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, सरकारच्याच केंद्रावर न्यायचा. बंडी केंद्रावर लागली की एक माणूस कापसाची प्रत ठरवी, दुसरा वजन करी, आणि हातात पावती येई. चुकारा हप्त्या-हप्त्यानं मिळे. म्हणजे पावती सांभाळायची, तिच्यावरचा आकडा लक्षात ठेवायचा आणि पुढच्या हप्त्याला परत जायचं. आजीला क्विंटल-किलोचा हिशेब तोंडी चोख यायचा. पायल्या, कुडव, मजुरांचे आठवड्याचे पैसे, सगळं बोटांच्या पेरांवर. फक्त पावतीवरचा ५ आणि ६ यांत काय फरक, ते तिला कळत नव्हतं.

लहान मुलाला शिकवणं आणि मोठ्या माणसाला शिकवणं यातला मोठा फरक इथं दिसतो. मुलाला पाच म्हणजे किती, हेही शिकवावं लागतं. मोठ्याला पाच ठाऊक असतात, पाचाची खूण ठाऊक नसते. ‘क कमळाचा’पासून सुरू केलं की मोठं माणूस चौथ्या दिवशी जांभया देतं. आईला प्रशिक्षणात सांगितलं होतं की शिकणाऱ्यांच्या जगण्यातल्या शब्दांपासून सुरू करा. तिनं ‘कापूस’ फळ्यावर लिहिला. का, पू, स. या तीन तुकड्यांतून पुसा, सापु, कास असं जुळवता जुळवता अक्षरं सुटी होतात. जगभर प्रौढांसाठी हीच रीत वापरतात. आधी ओळखीचा शब्द, मग त्याचे तुकडे, मग त्या तुकड्यांचे नवे शब्द.

हाताची अडचण वेगळीच होती. वीस-तीस वर्षं विळा धरलेला हात पाटीवरची पेन्सिल इतकी दाबून धरायचा की ती मोडायची. आई सांगते, पहिल्या महिन्यात पेन्सिलींचे तुकडेच जास्त झाले होते.

आणि एक दिवस नावं लिहायची वेळ आली. स्वतःचं नाव लिहिलं, पुढे नवऱ्याचं. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, घ्यायचं तर उखाण्यात. फॉर्मवर तर ते लागतंच. वर्गातल्या बायका हसायला लागल्या, एकमेकींना ढोसायला लागल्या. नाव विचारलं की शेजारणीनं सांगायचं, असा आजवरचा रिवाज. आईनं युक्ती केली, ‘म्हणू नका, लिहा.’ आजोबांच्या नावात एक जोडाक्षर होतं. आजीनं ते दोन संध्याकाळी गिरवलं. तिसऱ्या संध्याकाळी पुरं नाव लिहिलं, बघितलं, आणि पाटी पदराखाली झाकून घेतली. तोंडातून कधी निघालं नव्हतं ते नाव हातातून निघालं होतं.

पण आजी पन्नाशीच्या पुढची होती आणि कार्यक्रम १५ ते ३५ वयाचा. त्यामुळे हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. ती शिकली, पण सरकारच्या हिशेबात ती कधी साक्षर झालीच नाही. उलट हजेरीपटावर अशाही दोघी होत्या, ज्या पोळ्यानंतर फिरकल्या नाहीत. त्या कागदावर दहा महिने शिकल्या. वर्षअखेरीचे आकडे असे तयार होतात, आणि यात आईनं मुद्दाम काही खोटं केलेलं नव्हतं. ‘तीसच्या खाली पट गेला तर केंद्र बंद होईल’ अशी धास्ती तिला वरून घातलेली होती.

वेळेचंही तसंच. २ ऑक्टोबरचा मुहूर्त दिल्लीला शोभून दिसतो. आमच्याकडे तेव्हा पऱ्हाटी फुटायला लागते. दिवाळीपासून वेचा सुरू होतो आणि तो संक्रांतीच्या पुढेही चालतो. दिवसभर वेचून बाई संध्याकाळी घरी येते, चूल पेटवते, आणि तिला सातला वर्गात यायला सांगायचं! वर्ग खरे चालले ते माघापासून चैत्रापर्यंत. मग लग्नसराई आणि पाण्याची टंचाई, मग पेरणी.

त्या हिवाळ्यानंतर आजी कापूस घेऊन केंद्रावर गेली तो प्रसंग घरात अजून सांगतात. खिडकीतल्या माणसानं सवयीनं शाईचा डबा पुढे सरकवला. आजी म्हणाली, पेन द्या. तिची सही चालली दोन-तीन मिनिटं. मागच्या रांगेतले कास्तकार ओरडायला लागले. ती थांबली नाही, जोडाक्षर नीट काढलं, पावती हातात घेतली आणि आकडा मोठ्यानं वाचला. लहान होतो, तरी बंडीवर बसून ते पाहिल्याचं मला आठवतं, किंवा इतक्यांदा ऐकलंय की आठवतं असं वाटतं.

मिशन म्हणजे काय होतं

१९८० मध्ये केंद्रात सरकार बदललं. कार्यक्रमाचा आढावा घ्यायला डॉ. दौलतसिंह कोठारी यांची समिती आधीच नेमलेली होती. तिनं तो चालू ठेवावा असंच सांगितलं, पण जाणीवजागृतीचा जोर ओसरला. आईचा वर्ग त्याआधीच बंद झाला होता. शेवटच्या काही महिन्यांचे पन्नास-पन्नास रुपये आलेच नाहीत, ते अजून येणे आहेत असं ती थट्टेनं म्हणते.

पुढचं मोठं पाऊल ५ मे १९८८ चं. राजीव गांधींच्या काळात राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झालं. ‘मिशन’ या शब्दाचा अर्थ साधा : ठरलेलं काम, ठरलेली मुदत, आणि त्यासाठी खात्याच्या नेहमीच्या चाकोरीबाहेरची यंत्रणा. लक्ष्य १९९५ पर्यंत आठ कोटी प्रौढ. सुरुवातीला मिशनही जुन्याच केंद्र-पर्यवेक्षक पद्धतीनं चालत होतं. मग केरळात एर्नाकुलम जिल्ह्यानं हजारो बिनपगारी स्वयंसेवक उतरवले आणि ४ फेब्रुवारी १९९० रोजी तो पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला. दिल्लीला उत्तर सापडल्यासारखं वाटलं. ‘संपूर्ण साक्षरता अभियान’ देशभर गेलं.

या अभियानात जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली नोंदणीकृत जिल्हा साक्षरता समिती असे. पैसा केंद्राचा दोन वाटे, राज्याचा एक. आदिवासी उपयोजनेच्या जिल्ह्यांत केंद्राचे चार, राज्याचा एक. शिकवणारे बिनपगारी. लोकांना गोळा करायला कलाजत्थे, म्हणजे नाटकं आणि गाणी घेऊन गावोगाव फिरणारी पथकं. विदर्भात दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं पाहणाऱ्या माणसाला हे काही नवीन नव्हतं. चौकात डफ वाजला की तो येणारच.

अभ्यासक्रमही बदलला. दहा महिन्यांचं काम साधारण दोनशे तासांत बसवलं. तीन प्रवेशिका, म्हणजे वाचायला शिकायची पुस्तकं, एकीपेक्षा दुसरी अवघड, आणि प्रत्येकीतच चाचण्या. रोज दोन तास, आठवड्यातून सहा दिवस धरले तर चार महिने होतात. शेवटी काय यायला हवं, तेही पहिल्यांदा नेमकं लिहिलं गेलं. सोपा मजकूर मिनिटाला तीस शब्द या वेगानं मोठ्यानं वाचणं. ऐकून मिनिटाला पाच शब्द लिहिणं. शंभरपर्यंत आकडे, तीन अंकी बेरीज-वजाबाकी, दोन अंकी गुणाकार-भागाकार. तीस शब्द म्हणजे दोन सेकंदांना एक. फार नाही. एसटी थांब्यावर आली, पाटीवर ‘यवतमाळ मार्गे दारव्हा’ लिहिलंय, आणि गाडी सुटायच्या आत ते वाचून चढता आलं, एवढा तो वेग. माझ्या मते मिशननं केलेलं सगळ्यात प्रामाणिक काम हेच, कारण तोवर ‘साक्षर’ म्हणजे सही येते, एवढ्यावर भागत होतं.

उपयोग झाला का? १९९१ मध्ये देशाचा साक्षरता दर ५२ टक्क्यांच्या आसपास होता, २००१ मध्ये तो ६५ च्या जवळ गेला. दर तर प्रत्येक जनगणनेत वाढतोच. पण त्या दशकात निरक्षरांची संख्याही पहिल्यांदा घटली, आणि ते मोठंच. महाराष्ट्र त्याच काळात ६५ वरून ७७ टक्क्यांच्या आसपास पोचला. यात अभियानाचा वाटा किती आणि शाळेत गेलेल्या पोरांचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. माझा कौल पोरांकडे झुकतो. पण गावात एक बदल नक्की झाला. ‘बाईनं या वयात शिकून काय करायचं’ हे वाक्य चारचौघांत म्हणायची लाज वाटू लागली.

आणि नेमका तेव्हाच नवा कागद आला. १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना राखून ठेवल्या. ठरावावर सही करायची. पाठोपाठ बचत गट आले. अध्यक्ष, सचिव, दर महिन्याचं रजिस्टर, बँकेचं खातं. ज्या बाया साक्षरता वर्गाला चार वेळा बोलावूनही आल्या नाहीत, त्या रजिस्टरसाठी पोरीकडून आकडे शिकल्या. पन्नास रुपये भरले आणि कुणी तीस लिहिले तर ते आपल्याला कळायला हवं, ही ओढ कुठल्याही कलाजत्थ्यापेक्षा जबरदस्त असते. आजीच्या पावतीचीच ही पुढची पिढी.

तीन फूटपट्ट्या

इथं थोडं थांबून एक गोंधळ दूर करतो, कारण वर्तमानपत्रात हे आकडे एकमेकांत मिसळून येतात. ‘साक्षर’ मोजायच्या आपल्याकडे तीन वेगळ्या फूटपट्ट्या आहेत.

जनगणनेत कुणाची परीक्षा घेत नाहीत. घरातला माणूस सांगेल ते लिहून घेतात. सात वर्षांवरच्या कुणालाही कुठल्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येत असेल तर तो साक्षर. या मापानं २०११ मध्ये नागपूर, अकोला आणि अमरावती जिल्हे ८७-८८ टक्क्यांवर होते, तर गडचिरोली ७४ च्या आसपास. मिशनच्या चाचणीत खरोखर वाचून-लिहून दाखवावं लागे, पण ‘जिल्हा साक्षर’ म्हणजे त्या ठरावीक वयोगटातले बहुतेक जण, सगळे रहिवासी नव्हेत. म्हणून साक्षर जाहीर झालेल्या ठिकाणी अंगठेवाले आजोबा भेटले तर त्यात विसंगती नाही, ते माझ्या आजीसारखे पटाबाहेरचे. तिसरी फूटपट्टी आताच्या उल्लासची आहे. त्यात वाचन-लेखन-गणिताबरोबर डिजिटल आणि आर्थिक व्यवहारही धरलेत, आणि ९५ टक्के गाठले की राज्य पूर्ण साक्षर म्हणवून घेऊ शकतं. लडाख २०२४ मध्ये आणि मिझोराम २०२५ मध्ये तसे जाहीर झाले.

गडचिरोलीचा आकडा कमी दिसतो, त्यावरून तिथल्या माणसाला कमी समजतं असा अर्थ काढणारे लोक मला शिक्षकांच्या प्रशिक्षणातही भेटलेत. तिथल्या माडिया-गोंडी बोलणाऱ्या बाईपुढे मराठी प्रवेशिका ठेवली की तिला एकाच वेळी अक्षर आणि भाषा दोन्ही शिकावं लागतं. आमच्या आजीला फक्त पहिलं करायचं होतं. आणि त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आहे. तिथं देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं अभ्यासगट चालले. वाचता येणारे आणि न येणारे एकत्र बसून जंगलाचे कायदे, बांबूचा व्यवहार समजून घेत, आणि ग्रामसभा सगळ्यांच्या सहमतीनं निर्णय घेई. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्या अभ्यासगटांना प्रौढ शिक्षण खात्यात जागा नव्हती. १९७८ च्या कागदावर लिहिलेली जाणीवजागृती मात्र मला तिथं दिसते.

उल्लास, आणि रविवारची परीक्षा

मधल्या काळाचं थोडक्यात सांगतो. ८ सप्टेंबर २००९ ला, साक्षरता दिनी, मिशनचं रूप बदलून ‘साक्षर भारत’ आलं. सात कोटींचं लक्ष्य, त्यातल्या सहा कोटी बायका. पण ते सगळीकडे नव्हतं. बायकांची साक्षरता २००१ मध्ये पन्नास टक्के किंवा कमी असलेले जिल्हे आणि नक्षलग्रस्त जिल्हे, एवढ्यांपुरतंच. गडचिरोली त्यात होतं. ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र आणि तिथं महिन्याला दोन हजार मानधनावर दोन प्रेरक. मार्च २०१८ अखेर ते बंद झालं आणि प्रेरक घरी गेले.

आताचा ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’ २०२२ ते २०२७ असा आहे. खर्च १०३७.९० कोटी, त्यातले ७०० कोटी केंद्राचे. पाच वर्षांत पाच कोटी लोक. ‘प्रौढ शिक्षण’ हा शब्दच काढून टाकून ‘सर्वांसाठी शिक्षण’ म्हणायचं ठरलंय. शिकवणारे पुन्हा बिनपगारी स्वयंसेवक. म्हणजे पन्नास रुपयांवरून दोन हजारांवर गेलेली गाडी शून्यावर आली. नोंदणी मोबाइलच्या ॲपवर, आणि ती करायची आम्ही मास्तरांनी. २०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी या सर्वेक्षणावर बहिष्कार घातला होता. शाळेतली पोरं सोडून किती कामं करायची, हा मुद्दा मला आजही रास्त वाटतो. मी शेवटी यादी घेऊन निघालो ते एका गोष्टीमुळे. उल्लासमध्ये वय पंधराच्या पुढे, वरची मर्यादाच नाही. आजी असती तर पटावर आली असती.

परीक्षा झाली १७ मार्च २०२४ ला, रविवारी. १५० गुण : वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, आणि प्रत्येकात ३३ टक्के हवेत. सकाळी दहा ते पाच केव्हाही या आणि तीन तासांत पेपर सोडवा, अशी मुभा होती. ज्यानं कुणी ती ठेवली त्याला शेतातलं काम माहीत असावं. दुसरीच्या बाकांवर साठीच्या बाया गुडघे आडवे करून बसल्या. एकीला सुनेनं डब्यात भाकर-ठेचा दिला होता. एकीचा नातू खिडकीतून उत्तरं सांगायला बघत होता, त्याला हाकलला. मी एकीला विचारलं, कशासाठी शिकल्या वो काकू? तिनं पदराच्या गाठीतून छोटा फोन काढला. ‘बँकेचा मेसेज येते. पोट्टा म्हणते पैसे आलेच नाही. मले पाहाचं हाय, आले का नाही.’

कागद आता फोनच्या काचेवर आला होता, इतकंच.

निकालात कुणाला नापास म्हणत नाहीत, ‘सुधारणा आवश्यक’ म्हणतात. माझ्या यादीतल्या तिघींना ती आवश्यक होती. दोघी पुढच्या वर्षी पुन्हा बसल्या. तिसरी म्हणाली, मेसेज वाचता येते आता, तुमचा कागद राहू द्या.

परवा आईला घेऊन रेशन दुकानात गेलो. ती सत्तरीची आहे. वर्ग बंद झाल्यावर जन्मभर शेतातच राबली, बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्यात. यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा. दुकानदार म्हणाला, पुसून घ्या काकू. तिनं पदराला अंगठा पुसला, परत लाल. मग दुसरं बोट, मग पुन्हा अंगठा, जोरात दाबून. हिरवा लागला. गहू-तांदूळ पिशवीत पडले, आणि तिनं सवयीनं विचारलं, सही कुठं करू?

‘सही नाई लागत आता, काकू. अंगठाच लागते.’